आठ पिवळ्या गोळ्या: सोटोरासिबचा डोस कसा ठरला आणि नंतर त्याची झडती कशी घेतली

पिवळी, लांबट गोळी. एका बाजूला एएमजी, दुसऱ्या बाजूला १२०, म्हणजे १२० मिलिग्रॅम. मे २०२१ मध्ये अमेरिकेत सोटोरासिब हे फुप्फुसाच्या कॅन्सरचं औषध आलं तेव्हा पेशंटने रोज अशा आठ गोळ्या एकदम घ्यायच्या होत्या, एकूण ९६० मिलिग्रॅम. आणि ज्या एफडीएने, म्हणजे अमेरिकेच्या औषध नियामकाने, २८ मे २०२१ ला मंजुरी दिली तिनेच त्याच पत्रात कंपनीला सांगितलं की आता आठ गोळ्यांची तुलना दोन गोळ्यांशी करून दाखवा. दोन! म्हणजे २४० मिलिग्रॅम. औषध पास, पण डोसवर भरवसा नाही, असा प्रकार.

मी पुण्यात बसून क्लिनिकल ट्रायलची आकडेमोड करतो, आणि नवीन पोरांना फेज १, म्हणजे माणसांवरच्या चाचणीचा पहिला टप्पा, शिकवायची वेळ आली की ३+३ या डोस नियमाच्या स्लाइड नंतर, आधी ही केस. कारण यात कुणी चोरी केलेली नाही, कुणी आकडे फिरवलेले नाहीत, सगळ्यांनी नियमाने काम केलं आणि तरीही डोसचा प्रश्न मंजुरीपर्यंत तसाच लोंबकळत राहिला, हेच मला यातलं शिकण्यासारखं वाटतं.

औषधाबद्दल थोडक्यात. केरास नावाचं जीन, कॅन्सरमध्ये ते बिघडलेलं असतं हे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून माहीत, पण त्याच्या प्रोटीनवर औषध बसवायला जागाच सापडत नव्हती, तीसेक वर्षं लोक त्याला 'औषध लागू न पडणारं' म्हणत होते. २०१३ मध्ये केव्हन शोकाट या शास्त्रज्ञाच्या लॅबने दाखवलं की जी१२सी या एका विशिष्ट बिघाडात, जिथे बाराव्या जागी ग्लायसिनऐवजी सिस्टीन (दोन्ही प्रोटीनचे घटक) आलेलं असतं, तिथे एक खाच उघडते आणि त्या सिस्टीनला औषध कायमचं चिकटवता येतं. अ‍ॅडिनोकार्सिनोमा या फुप्फुसाच्या कॅन्सरच्या प्रकारात साधारण १३ टक्के पेशंटमध्ये हा बिघाड असतो. अ‍ॅमजेन कंपनीचं एएमजी ५१० म्हणजे पुढे सोटोरासिब, माणसांत पोचलेलं या जातीचं पहिलं औषध, ट्रायल २०१८ मध्ये सुरू, नाव कोडब्रेक १००.

'कायमचं चिकटतं' हे शब्द लक्षात ठेवा, पुढे लागतील.

आता डोस. पायऱ्या होत्या १८०, ३६०, ७२० आणि ९६० मिलिग्रॅम, दिवसातून एकदा. प्रत्येक पायरीवर थोडे थोडे पेशंट घ्यायचे आणि बघायचं की डीएलटी होते का, म्हणजे डोस लिमिटिंग टॉक्सिसिटी, सहन न होण्याइतका त्रास, आणि तोही पहिल्या तीनेक आठवड्यांत. नाही झाली की वरची पायरी. २०२० मध्ये न्यू इंग्लंड जर्नलमध्ये जे छापून आलं त्यात एकूण १२९ पेशंट, त्यातले ५९ फुप्फुसाचे, आणि डीएलटी किती? शून्य. कुठल्याच पायरीवर एकही नाही. फुप्फुसाच्या ५९ पैकी १९ जणांच्या गाठी ठरलेल्या मापाइतक्या आकसल्या, यालाच रिस्पॉन्स म्हणतात, ३२.२ टक्के. तीस वर्षं हात टेकलेल्या टार्गेटवर एवढा रिस्पॉन्स म्हणजे लोक नाचलेच असणार, आणि पुढच्या टप्प्यासाठी डोस उचलला तो सगळ्यात वरच्या पायरीचा, ९६०.

का? कारण या सगळ्या पद्धतीच्या पोटात एक जुना समज बसलाय. केमोच्या काळात जास्त डोस म्हणजे जास्त कॅन्सर पेशी मरणार हे ढोबळपणे खरं होतं, म्हणून अंगाला झेपेल तेवढा जास्तीत जास्त डोस शोधायचा, एमटीडी, मॅक्सिमम टॉलरेटेड डोस. शिडी चढत जायची, पेशंट ओरडला की एक पायरी खाली यायचं. त्यासाठीचा सगळ्यात प्रसिद्ध नियम म्हणजे ३+३. तीन पेशंट घ्या, कुणालाच डीएलटी नाही तर वर, एकाला झाली तर त्याच पायरीवर अजून तीन, सहांत एकच राहिली तर वर, दोन झाल्या की थांबा.

हा नियम किती कच्चा आहे ते पोरांना मी फळ्यावर करून दाखवतो. समजा एका पायरीवर खरंखरं ३० टक्के लोकांना डीएलटी होते. तिघांपैकी कुणालाच न होण्याची शक्यता ०.७ चा घन, ०.३४३. बरोबर एकाला होण्याची शक्यता ३ गुणिले ०.३ गुणिले ०.४९, म्हणजे ०.४४१, आणि मग पुढचे तिघे स्वच्छ जायला हवेत, म्हणजे पुन्हा ०.३४३ ने गुणा, आले ०.१५१. बेरीज ०.४९४. नाणंच उडवलं की! बहुतेक लोक ज्याला थांबायची जागा मानतील तिथून नियम निम्म्या वेळा वर निघून जातो. जिथे खरोखर अर्ध्या लोकांना डीएलटी होते तिथूनही १७ टक्के वेळा वर जातो. उलट बाजूने बघा, जिथे फक्त १० टक्के त्रास आहे तिथून वर जायची शक्यता ९१ टक्के, ऐकायला मस्त, पण अशा चार पायऱ्या ओळीने असल्या तर चारही पार करायची शक्यता ६७ टक्केच, म्हणजे दर तीन ट्रायलपैकी एक कुठेतरी उगाच खालीच अडकणार. आणि 'तिघांत शून्य' याचा अर्थ काय? ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की खरा दर ६३ टक्क्यांच्या आत आहे. सहांत शून्य आले तर ३९ च्या आत. शितावरून भाताची परीक्षा ठीक आहे, पण इथे तीन शितांवर अख्ख्या लग्नाच्या पंगतीचा भात पास करतोय आपण.

इथे वर्गातला हुशार पोरगा हात वर करतो, सर, म्हणूनच मॉडेलवाल्या पद्धती वापरायच्या ना. बरोबर आहे त्याचं. १९९० मध्ये ओक्विग्ली, पेपे आणि फिशर यांनी सीआरएम आणली, म्हणजे डोस आणि त्रास यांच्यामध्ये एक वक्ररेषा आधी धरायची आणि प्रत्येक पेशंटनंतर ती सुधारत जायची. मग २०१५ मध्ये लिऊ आणि युआन यांची बॉइन आली, ती तर इतकी सोपी की टेबल छापून वॉर्डात लावता येईल, टार्गेट ३० टक्के असेल तर आतापर्यंतचा दर ०.२३६ किंवा कमी असला की वर, ०.३५९ किंवा जास्त असला की खाली, मधे असला की तिथेच थांबा. एफडीएनेही २०२१ च्या शेवटी बॉइनला 'कामाला योग्य' असा शिक्का दिला. ३+३ पेक्षा या कितीतरी चांगल्या आहेत, यावर माझं काही म्हणणं नाही.

पण आता सोटोरासिबचा डेटा यात घालून बघा. डीएलटी शून्य, शून्य, शून्य, शून्य. ३+३ म्हणेल वर. सीआरएम म्हणेल वर. बॉइन म्हणेल वर. तिन्ही एकाच आवाजात. कारण तिन्हींना विचारलेला प्रश्न एकच, शरीर कधी ओरडतं. शरीर ओरडलंच नाही तर यांच्याकडे सांगण्यासारखं काहीच नाही. डिझाइन कितीही हुशार असू द्या, चुकीच्या प्रश्नाचं नेमकं उत्तर देणार. पोरं सीआरएम शिकली की त्यांना वाटतं डोस फाइंडिंग सुटलं, तसं ते सुटत नाही, फक्त एमटीडी शोधणं सुधारतं.

आणि शरीर ओरडलं नाही हेही अर्धसत्यच. डीएलटी मोजायची खिडकी साधारण २१ ते २८ दिवसांची, आणि मोजणीत येतो मुख्यतः ग्रेड ३ आणि वरचा त्रास. जुलाबाचं उदाहरण घ्या. नेहमीपेक्षा रोज चार ते सहा वेळा जास्त जावं लागलं तर तो ग्रेड २, सात किंवा जास्त वेळा झालं तर ग्रेड ३. आता केमोसारखं तीन आठवड्यांतून एकदा सलाईन असेल तर ग्रेड २ चे दोन दिवस माणूस काढेल, पण ही गोळी आहे, रोज घ्यायची, महिनोन्महिने. सकाळी बस पकडायची आहे आणि दिवसात पाच वेळा जास्त संडासला जावं लागतंय, असे सहा महिने काढून बघा. शिडीच्या हिशोबात हा माणूस 'त्रास नाही' या खान्यात.

आता ती गोष्ट जी मला या केसमधली सगळ्यात बोलकी वाटते. रक्तातलं औषध. डोस १८० वरून ९६० केला, म्हणजे पाचपटीहून जास्त, तर रक्तातली पातळी किती वाढायला हवी? निदान तीन-चारपट तरी, नाही का? औषधाच्या अधिकृत माहितीपत्रकातच लिहिलंय की काही दिवस नियमित घेतल्यावर १८० ते ९६० या सगळ्या डोसांना रक्तातलं एकूण प्रमाण आणि सर्वोच्च पातळी सारखीच. सारखीच! पोटात गोळ्या आठ जात होत्या, रक्तात पोचत होतं जवळपास तेवढंच. मग उरलेलं कुठे राहत असेल आणि जुलाब कुठे होतात, याचा विचार ज्याचा त्याने करावा, मी काही सिद्ध करत नाहीये. आणि त्यात ते वरचं 'कायमचं चिकटतं' जोडा. औषध रक्तातून निम्मं व्हायला पाचेक तास लागतात, पण ज्या प्रोटीनला ते चिकटलं ते तर संपलंच, पेशी नवीन प्रोटीन बनवेपर्यंत. सगळ्या खुर्च्या भरल्यावर दारात गर्दी वाढवून काय होणार? कमी डोसवरही गाठी आकसलेल्या दिसल्या होत्या, त्याचंही मग आश्चर्य वाटत नाही.

मंजुरीच्या वेळी आकडे होते १२४ पेशंट, ३६ टक्के रिस्पॉन्स, तो टिकण्याचा मध्यक १० महिने. ज्यांच्याकडे फारसं काही उरलं नव्हतं त्यांच्यासाठी हे थांबवून ठेवणं बरोबर झालं नसतं, म्हणून अ‍ॅक्सिलरेटेड अप्रूव्हल, म्हणजे पुढच्या पुराव्याच्या अटीवर लवकर मंजुरी, दिलं आणि डोसची तुलना नंतर करायची अट घातली. मला हा निर्णय तेव्हाही पटला होता आणि आजही पटतो, पण त्याची किंमत आहे. एकदा औषध ९६० वर बाजारात आलं की २४० वाल्या बाजूला जायला पेशंट का तयार होईल? 'तुम्हाला पाव डोस देऊ' हे वाक्य मराठीत बोला नाहीतर इंग्रजीत, समोरचा दचकणारच. आधी केलं असतं तर दोन्ही डोस सारखेच अनोळखी असते. आणि पैशाचाही भाग आहे, सुरुवातीची किंमत महिन्याला १७,९०० डॉलर सांगितली होती, दोन गोळ्यांत भागत असेल तर कुणाचा किती फायदा हे सांगायला संख्याशास्त्रज्ञ लागत नाही.

तुलना झाली. आधी उपचार घेतलेले फुप्फुसाचे २०९ पेशंट, चिठ्ठ्या टाकून दोन गट. ९६० मध्ये रिस्पॉन्स ३२.७ टक्के, २४० मध्ये २४.८ टक्के. आजार न वाढता गेलेला काळ, मध्यक ५.४ महिने आणि ५.६ महिने, म्हणजे इथे २४० केसभर पुढे. एकूण आयुष्य १३.० आणि ११.७ महिने, इथे ९६० पुढे. जुलाबासारखा त्रास ९६० मध्ये जास्त.

आता सांगा, कुठला डोस?

इथे वर्गात दोन तट पडतात, दरवर्षी. एक म्हणतो ३३ आणि २५, सरळ दिसतंय, जास्त डोस चांगला. दुसरा म्हणतो फरक सिग्निफिकंट नाही, निव्वळ योगायोगानेही एवढा येऊ शकतो, म्हणजे दोन्ही सारखेच, मग कमी द्या. दोघंही चुकतात, आणि दुसरा जास्त चुकतो असं माझं मत, कारण 'फरक सिद्ध झाला नाही' याचं 'फरक नाही' करणं हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात जुनं पाप. हिशोब करून बघा. फरक ७.९ टक्के, त्याची स्टँडर्ड एरर, म्हणजे अंदाजातली चूकभूल, साधारण ६.२, म्हणजे ९५ टक्के इंटरव्हल, खरा फरक जिथे असू शकतो तो पट्टा, उणे ४ पासून अधिक २० पर्यंत. यात 'आठ गोळ्या थोड्या वाईट' पण बसतं आणि 'आठ गोळ्या भरपूर चांगल्या' पण बसतं. ३३ विरुद्ध २५ हा फरक ८० टक्के पॉवरने, म्हणजे दहात आठ वेळा, पकडायचा तर प्रत्येक बाजूला साधारण ५०० पेशंट लागतील, एकूण हजार. जी१२सी वाले, आधी एक उपचार फेल गेलेले, हजार पेशंट फक्त डोस ठरवायला कोण गोळा करणार?

मग एफडीएने काय केलं? २०२३ च्या डिसेंबरमध्ये डोस तुलनेची अट पूर्ण झाली असं मान्य केलं आणि ९६० कायम राहिला. त्याच वेळी पूर्ण मंजुरी मात्र नाकारली, पण ते डोसमुळे नाही, तिसऱ्या टप्प्याच्या ३४५ पेशंटच्या ट्रायलमध्ये आजार न वाढण्याचा काळ ५.६ विरुद्ध ४.५ महिने आला होता आणि तो आकडा विश्वासाने वाचता येत नाही असं सल्लागार समितीने १० विरुद्ध २ मतांनी सांगितलं होतं. ती वेगळी केस, पुन्हा कधीतरी.

काही लोक हे बघून म्हणतात, बघा, शेवटी ९६० च बरोबर निघाला, उगाच गोंधळ घातला. मला हे पटत नाही. ९६० 'बरोबर निघाला' नाही, त्याला हटवण्याइतका पुरावा २४० ला गोळा करता आला नाही, आणि जो आधीपासून खुर्चीत बसलाय त्याला उठवायला जास्त पुरावा लागतो. समजा उलट झालं असतं, २४० वर मंजुरी मिळाली असती आणि नंतर ९६० ने हाच डेटा आणला असता, तर कोण म्हणालं असतं की चला, सगळ्यांना चौपट गोळ्या द्या? डेटा तोच, निकाल वेगळा. आधी कोण बसलं यावर निकाल ठरतोय, म्हणून सुरुवातीला कोणाला बसवायचं तो निर्णय मोठा.

ही केस चालू असतानाच, २०२१ मध्ये, एफडीएने प्रोजेक्ट ऑप्टिमस सुरू केला, जानेवारी २०२३ मध्ये मसुदा आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पक्कं मार्गदर्शन काढलं, मथितार्थ असा की एमटीडी उचलून पुढे पळू नका, मंजुरीच्या आधीच दोन-तीन डोस रँडमाइज करून, म्हणजे चिठ्ठ्या टाकून वाटून, तुलना करा. आमच्याकडे येणाऱ्या प्रोटोकॉलमध्ये हे आता दिसतं, पण कधीकधी नुसतं दाखवण्यापुरतं. दोन डोस, प्रत्येकी ३० पेशंट, आणि शेवटी ज्याचा रिस्पॉन्स रेट जास्त तो डोस निवडणार. बास? मी लगेच आकडे मांडतो. खरा फरक ३३ आणि २५ असेल तर ३०-३० पेशंटमध्ये कमी डोस वरचढ दिसण्याची शक्यता साधारण २० टक्के. पाचात एकदा उलटं उत्तर. आणि खरोखर दोन्ही सारखे असतील तर निवड म्हणजे नुसती चिठ्ठी, फक्त तीस तीस पेशंट वापरून टाकलेली.

म्हणून माझं म्हणणं, फक्त रिस्पॉन्सवर डोस ठरवायचा नादच सोडा, तेवढे पेशंट कधीच मिळणार नाहीत. जी माहिती थोड्या पेशंटमध्येही घट्ट मिळते ती वापरा. रक्तातली पातळी हा सतत मोजला जाणारा आकडा आहे, हो-नाही नाही, दहा-बारा जणांतही १८० आणि ९६० सारखे दिसतात हे कळू शकतं, आणि सोटोरासिबमध्ये तेच सगळ्यात जोरात सांगत होतं. डोस कमी करावा लागला किती जणांना, मधेच बंद ठेवला किती दिवस, ग्रेड २ चे एकूण दिवस किती, हे पहिल्या २८ दिवसांचं नाही, तीन-चार महिन्यांचं. पेशंटला स्वतःला विचारा, फॉर्मवर. आणि शिडी चढत असतानाच खालच्या पायऱ्यांवर मागून पेशंट भरत जा, बॅकफिल म्हणतात त्याला, म्हणजे वर पोचेपर्यंत खाली तीन-तीन नाही तर दहा-पंधरा लोकांचा डेटा असतो. थॉल आणि कुक यांची २००४ ची एफटॉक्स पद्धत त्रास आणि फायदा दोन्ही एकत्र तोलते, ती पडून आहे, वापरणारे कमी, कारण दोन्हींमध्ये किती देवाणघेवाण मान्य आहे हे डॉक्टरांना आधीच आकड्यात सांगावं लागतं आणि मीटिंगमध्ये त्या प्रश्नावर सगळे चहाचा कप उचलतात.

आपल्याकडची एक गोष्ट इथे आठवतेच. निवोलुमॅब या कॅन्सरच्या इम्युनोथेरपी औषधाच्या पहिल्या टप्प्यात किलोमागे ०.१ ते १० मिलिग्रॅम दिलं होतं आणि तिथेही एमटीडी आली नव्हती, तरी नेहमीचा डोस दर दोन आठवड्यांना २४० मिलिग्रॅम वगैरे ठरला, जो आपल्याकडच्या बहुतेकांच्या खिशाबाहेर. मुंबईत टाटा मेमोरियलने डोक्या-मानेच्या कॅन्सरच्या १५१ पेशंटमध्ये रँडमाइज करून, स्वस्त मेट्रोनॉमिक, म्हणजे थोड्या डोसच्या पण नियमित घ्यायच्या, गोळ्यांच्या जोडीला दर तीन आठवड्यांना फक्त २० मिलिग्रॅम दिलं, आणि एक वर्ष जगण्याचं प्रमाण १६.३ वरून ४३.४ टक्के झालं, २०२२ मध्ये छापून आलं. जबरदस्तच. पण संख्याशास्त्राच्या चष्म्यातून नीट वाचा, यात तुलना २० ची शून्याशी आहे, २४० शी नाही. २० चालतं हे कळलं, २४० इतकंच चालतं हे यातून कळत नाही, आणि फॉरवर्डमध्ये ही दुसरी गोष्टच फिरते.

सोटोरासिबच्या गोळीचं पुढे काय झालं म्हणाल, तर आता ३२० मिलिग्रॅमची गोळी मिळते. आठच्या जागी तीन घ्यायच्या, डोस ९६० च.